६० वर्षांचा नियम आणणारे साहेब नंतर त्याच विमान कंपनीच्या बोर्डावर! याला नेमकं म्हणायचं काय?

डोंबिवलीचा_सच्या

मंडळी नमस्कार. प्रश्न जरा लांबचा आहे, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतो.

गेल्या महिन्यात आमच्या मामाला ६५ पूर्ण झाली. मामा प्रवासी विमानाचा कॅप्टन, आयुष्य कॉकपिटमध्ये गेलं. वाढदिवसाच्या आदल्या रात्री पावणेअकराला त्याने शेवटचं विमान मुंबईला उतरवलं, अग्निशमनवाल्यांनी पाण्याची कमान केली, केक बिक झाला आणि बारा वाजले तसा माणूस बाद. मेडिकल फिट, सिम्युलेटरचा चेक दोन महिन्यांपूर्वीच पास, तरी बाद. आता घरी बसलाय आणि मामी गाडी काढायला लागली की शेजारी बसून "हँडब्रेक? आरसे?" असं मोठ्याने विचारतो. मामीने कालच सांगितलं की एकतर तू मागे बस नाहीतर मी रिक्षाने जाते.

असो. तर पार्ल्याला छोटी पार्टी होती, तिथे त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की ही वयाची भानगड मुळात अमेरिकेतली, १९५९-६० ची. तेव्हा मर्यादा ६० ठेवली होती आणि ती आणली त्यांच्या विमान वाहतूक खात्याच्या, म्हणजे एफएएच्या, पहिल्याच प्रमुखाने, एलवुड केसाडा नावाच्या. एका मोठ्या विमान कंपनीच्या प्रमुखाने पत्र लिहून मागितलं, याने नियम करून दिला, आणि खुर्ची सोडल्यावर हा गृहस्थ त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर. मी म्हटलं ही सरळ सरळ सेटिंग आहे. माझा दादा (बँकेत आहे, शिंकलो तरी कागद मागतो) म्हणाला पदावर असताना एक डॉलर घेतल्याचा पुरावा आहे का? नाही ना? मग नंतर कुणी कुठे नोकरी करावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. वरून म्हणाला की नियम चांगला असेल तर कुणाचा फायदा झाला याच्याशी तुला काय करायचंय.

भांडण अर्धवट राहिलं कारण जेवण आलं. जाणकारांनी सांगा. किस्सा खरा आहे का, आणि असला तर याला भ्रष्टाचार म्हणायचं का नाही?

---

जुनी_विमानं

किस्सा खरा आहे. पण पार्टीत सांगताना तारखा गळून पडतात आणि इथे सगळी मेख तारखांमध्येच आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

१९५६ च्या जूनमध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं हवेत धडकली, १२८ माणसं गेली, आणि त्या धक्क्यातून १९५८ चा कायदा आला आणि एफएए जन्माला आलं. पहिला प्रमुख केसाडा. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या वेळी जमिनीवरच्या फौजेला हवाई साथ देणाऱ्या तुकड्यांचा हा सेनापती, निवृत्त लेफ्टनंट जनरल, कडक माणूस. दुसरीकडे अमेरिकन एअरलाइन्सचा प्रमुख सी. आर. स्मिथ, १९३४ पासून कंपनी चालवत होता आणि युद्धात हाही वायुदलाच्या वाहतूक विभागात मेजर जनरल. म्हणजे दोघं एकाच वर्तुळातले.

आता १९५९ चा जानेवारी बघा. २५ तारखेला अमेरिकन एअरलाइन्सने बोइंग ७०७ ने लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क जेट सेवा सुरू केली. पंख्याच्या विमानांवर पंचवीस तीस वर्षं काढलेल्या कॅप्टनांना जेट शिकवायचं म्हणजे ट्रेनिंगचा खर्च, आणि सगळ्यात ज्येष्ठ म्हणून पगारही त्यांचाच सगळ्यात मोठा, आणि शिकवून माणूस वापरायला मिळणार किती वर्षं? तर चार किंवा पाच. कंपन्यांना हे लोक ६० ला घरी पाठवायचे होते. अमेरिकन, वेस्टर्न आणि टीडब्ल्यूए तिघांनी स्वतःच्या बळावर तसा प्रयत्न केला, युनियनने तक्रारी लवादाकडे नेल्या आणि निकाल गेले वैमानिकांच्या बाजूने. त्यात अमेरिकनच्या वैमानिकांचा जवळपास तीन आठवड्यांचा संप नुकताच होऊन गेलेला.

आणि मग ५ फेब्रुवारी १९५९ ला स्मिथचं केसाडाला पत्र. मथितार्थ असा की बाबा रे, निवृत्तीचं वय आता तुमच्या खात्यानेच ठरवून द्यावं. जूनमध्ये प्रस्ताव, डिसेंबरमध्ये नियम, १५ मार्च १९६० पासून लागू. युनियन कोर्टात गेली, आमची रीतसर सुनावणी घ्यायला हवी होती म्हणाली, कोर्टाने सांगितलं की गरज नाही. १९६१ च्या जानेवारीत सरकार बदललं, केसाडा बाहेर पडला आणि थोड्याच दिवसांत अमेरिकन एअरलाइन्सच्या बोर्डावर.

सच्या, माझ्या मते तुझ्या दादाच्या प्रश्नाचं उत्तर पैशात शोधूच नकोस. जे भांडण कंपनी लवादापुढे हरली तेच तिने सरकारी शिक्का मारून जिंकलं. करारातली गोष्ट एका रात्रीत सुरक्षेची गोष्ट झाली, आणि सुरक्षा म्हटलं की सगळे गप्प बसतात.

---

एक_माजी_अधिकारी

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे पण पूर्ण एकतर्फी आहे.

सरकारी नोकरीत ३४ वर्षं काढली म्हणून बोलतो. केसाडाला कंपन्यांचा माणूस ठरवण्याआधी हेही सांगा की त्याने एफएएचे निरीक्षक न कळवता कॉकपिटमध्ये बसवायला सुरुवात केली होती. वैमानिक सीट सोडून मागे प्रवाशांशी गप्पा मारायला जात, ते बंद केलं, दंड लावले. त्यामुळे वैमानिकांची युनियन त्याच्यावर आधीपासूनच खार खाऊन होती आणि आज आपण जी गोष्ट ऐकतो ती बरीचशी त्यांच्याच तोंडची आहे. शिवाय १९५९ साली जेट ही नवी गोष्ट होती, शंभराच्या वर माणसं मागे बसलेली आणि पुढे साठीचा माणूस, अचानक छातीत कळ आली तर काय ही भीती कुणालाही वाटली असती. आणि विमान क्षेत्र तेव्हा होतं केवढं, सगळे एकमेकांना ओळखायचेच. माजी सेनापतीने निवृत्तीनंतर काय करायचं, भाजी विकायची का?

पण आता दुसरी बाजूही मीच सांगतो, कारण लोक समजतात की असल्या गोष्टी पाकिटातून होतात. पाकीट नसतंच हो.

माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एका कंपनीची फाइल माझ्या टेबलावर होती (कंपनी आणि खातं दोन्ही सांगणार नाही) आणि त्यांचे एक गृहस्थ नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन आले. चहा झाला, नातवाची चौकशी झाली, फाइलचा शब्दही नाही. उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "साहेब, तुमच्यासारखा माणूस रिटायर होऊन घरी बसला तर आमच्यासारख्यांचं नुकसान आहे हं." संपलं. यात लाच कुठे आहे दाखवा. मी ती फाइल नियमाप्रमाणेच केली, पण त्यानंतर ती उघडली की दारातलं ते वाक्य आठवायचं. दोन ठिकाणी मी जरा जास्तच शेरे मारले. ते खरंच मारायला हवे होते म्हणून मारले की मी विकला गेलो नाही हे स्वतःला दाखवायला मारले, आजही सांगता येत नाही.

तर केसाडाला स्मिथने दारात उभं राहून असं काही म्हटलं का? कुणालाच कळणार नाही. कदाचित म्हणायची गरजही पडली नसेल.

---

गप्प_बसा_रे

वैमानिकाला ६५, शिपायाला ५८ आणि पुढाऱ्याला? जोपर्यंत माइक धरता येतो तोपर्यंत 😂

---

जुनी_विमानं

गप्प_बसा, हा विनोद वयाच्या प्रत्येक धाग्यावर येतो, एकदा निवृत्त करा त्याला.

माजी अधिकारी साहेब, कॅलेंडरचा किस्सा वाचून खरंच थांबलो. निरीक्षकांचा मुद्दाही मान्य. पण मग लॉकहीड इलेक्ट्राचं प्रकरण दोन्ही बाजूंनी बघायला लागेल. सप्टेंबर १९५९ ला टेक्सासमध्ये बफेलो गावाजवळ एक इलेक्ट्रा हवेतच तुटलं, ३४ गेले. मार्च १९६० ला इंडियानात टेल सिटीजवळ दुसरं, तिथे ६३. एकच प्रकारचं विमान, सहा महिन्यांत दोनदा पंख तुटून पडला. इंडियानाचे सिनेटर हार्टकी ओरडत होते की सगळी इलेक्ट्रा जमिनीवर उभी करा. केसाडाने केली नाहीत, नुसती वेगमर्यादा घातली, आधी २७५ आणि आठवड्याभरात २२५ नॉट. आणि इलेक्ट्रा कोण कोण उडवत होतं, तर त्यात अमेरिकन एअरलाइन्स होतीच.

आता गंमत अशी की तो निर्णय तांत्रिकदृष्ट्या टिकला. इंजिनाचं माउंटिंग सैल पडलं की प्रोपेलर भोवऱ्यासारखा डोलायला लागतो आणि ठराविक वेगाला ते डोलणं पंखाच्या थरथरीशी जुळून पंखच उपटतो, हे पुढे शोधून काढलं. कमी वेगाला ते होत नव्हतं. इंजिनांची बैठक मजबूत केली आणि तीच विमानं पुढे कित्येक वर्षं उडाली. म्हणजे माणूस बरोबर होता. पण त्या दिवशी निर्णय घेताना पंख का तुटतो हे त्यालाही पुरतं माहीत नव्हतं, ते कळायचं होतं, आणि विमानं उभी केली असती तर ज्यांचं नुकसान झालं असतं त्यांच्यातल्याच एका कंपनीच्या बोर्डावर तो वर्षभरात जाऊन बसला. नोकरी घेतली नसती तर आज आपण म्हणालो असतो काय हिंमतीचा अधिकारी, सिनेटरला जुमानलं नाही. एका खुर्चीपायी स्वतःच्या बरोबर निर्णयावरही डाग पाडून घेतला.

---

अनघा_जर्सी

मी इथे अमेरिकेत कंप्लायन्समध्ये काम करते, म्हणजे रोज हेच बघते, म्हणून कायद्याचं सांगते.

केसाडाने जे केलं ते तेव्हाच्या कायद्यात बसत होतं, त्यामुळे सच्याचा दादा कागदावर बरोबर आहे. पद सोडल्यानंतर काही काळ जुन्या खात्याकडे कुणाची वकिली करायची नाही, असं वरिष्ठांसाठी ठोस बंधन आलं वॉटरगेटनंतर, १९७८ च्या कायद्यात. ते पण बघा हं, नोकरी घ्यायला बंदी नाही, जुन्या ऑफिसात जाऊन शब्द टाकायला बंदी. बोर्डावर बसून आतल्या आत सल्ला द्यायला आजही बऱ्याच वेळा मोकळीक असते.

विमान खात्यात हे परत पेटलं २००८ ला. साउथवेस्ट या विमान कंपनीची ४६ विमानं तडे तपासणीची मुदत उलटून गेलेली असताना उडत राहिली, हे दोन निरीक्षकांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याचे आणि कंपनीचे संबंध फार गोडीगुलाबीचे होते हे बाहेर आलं. कंपनीला शेवटी ७५ लाख डॉलर भरायला लागले. त्यातून २०११ ला नियम झाला की एफएएचा निरीक्षक ज्या कंपनीवर देखरेख करत होता तिच्याकडून खात्याशी बोलायच्या कामावर दोन वर्षं जाऊ शकत नाही. केसाडानंतर पन्नास वर्षांनी!

आणि पकडलं जातं ते कधी, तर लोक घाई करतात तेव्हा. अमेरिकन वायुदलाच्या खरेदीतल्या डार्लीन ड्रूयन बाईंनी बोइंगच्या टँकर (हवेत इंधन भरणाऱ्या) विमानांचा व्यवहार हातात असतानाच बोइंगशी स्वतःच्या नोकरीची बोलणी सुरू केली, आणि बोलणी मुलीमार्फत, मुलगी आधीच बोइंगमध्ये, आणि मुलीने बोइंगच्या बड्या अधिकाऱ्याला चक्क ईमेल केले. नंतर बाईंनी कबूल केलं की टँकरची किंमत वाढवून दिली ती एक प्रकारे जाता जाता दिलेली भेट होती. ९ महिने तुरुंग, २००४ ची गोष्ट. बोइंगने २००६ ला ६१.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तीच बाई गप्प राहून निवृत्त झाली असती आणि वर्षभराने गेली असती तर आज मी इथे तिचं नाव घेऊ शकले नसते. केसाडात आणि तिच्यात प्रामाणिकपणाचा फरक आहे की नुसता ईमेलचा, हे मला खरंच सांगता येत नाही.

जाता जाता अजून एक. अमेरिकेत ६० चं ६५ करायचा प्रस्ताव जानेवारी २००७ मध्ये जाहीर केला तेव्हाच्या एफएए प्रमुख मॅरियन ब्लेकी यांनी. त्याच वर्षी त्यांची मुदत संपली आणि त्या गेल्या विमानं आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेच्या प्रमुख म्हणून. त्या संघटनेला वैमानिकांच्या वयाशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे तो आरोप मी करत नाही. फक्त एवढंच की नियम लावणाऱ्याचा आणि नियम सैल करणारीचा, दोघांचाही पुढचा पत्ता उद्योगातलाच.

---

उजवी_सीट

सगळे कंपनी आणि साहेब एवढंच बोलताय, आमचं कोण बोलणार? मी फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे कॅप्टनच्या उजवीकडे बसणारा सहवैमानिक, वय ३३, हँडलवरून कळलंच असेल.

विमान कंपनीत सगळं चालतं सिनियॉरिटी नंबरवर. कुठलं विमान मिळणार, कुठला बेस, दिवाळीला सुट्टी की ड्युटी, डावीकडे कॅप्टनच्या जागी कधी बसणार, सगळं. वरचा एक माणूस गेला की खालचा प्रत्येक जण एक पायरी वर. म्हणजे एक कॅप्टन रिटायर झाला तर त्याच्या पार्टीत रडणाऱ्यांपेक्षा मनात हिशोब करणारे जास्त असतात (सच्या, राग मानू नको, तुझ्या मामाच्या पार्टीतही असणार).

अमेरिकेतल्या युनियनचंच बघा ना. एएलपीएने १९६० ला ६० च्या नियमाविरुद्ध कोर्ट गाठलं, वीस वर्षं शिव्या घातल्या आणि १९८० ला भूमिका फिरवून म्हणाले ६० च बरोबर. का? कारण तोपर्यंत तरुण मेंबर वाढले, ६० धरून पेन्शनची गणितं बसली. मग २००१ नंतर कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, पेन्शनी कापल्या गेल्या, लोकांना अजून पाच वर्षं पगार हवा झाला आणि २००७ च्या मे महिन्यात परत फिरले. आता ६७ करा म्हटलं तर परत विरोध. २०२३ ला तिथल्या कनिष्ठ सभागृहाने ६७ मंजूर केलं होतं, सिनेटने अडवलं आणि २०२४ च्या कायद्यात ६५ च राहिलं. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंच्या तोंडी शब्द एकच, सुरक्षा.

आणि कायदा किती निर्दय असतो ते बघा. बुशने ६५ च्या कायद्यावर सही केली १३ डिसेंबर २००७ ला. ज्याला त्याच्या आधी ६० झाली तो गेला तो गेलाच. परत यायचं असेल तर नवीन भरती म्हणून, सिनियॉरिटी शून्य, म्हणजे काल ७७७ चा कॅप्टन होतास, आज यादीत सगळ्यात खाली. १२ तारखेचा वाढदिवस असलेला आणि १४ तारखेचा वाढदिवस असलेला यांच्यात पाच वर्षांच्या कॅप्टनच्या पगाराचा फरक. दोन दिवस, फक्त.

तर साहेबाने कमावलं म्हणून ओरडताय ते ठीक आहे, पण १९६० ला त्या नियमाने सगळ्यात जास्त कमावलं असेल ते तेव्हाच्या उजव्या सीटवाल्यांनी. त्यांच्याबद्दल कुणी धागा काढत नाही.

---

एक_माजी_अधिकारी

उजवी सीट, फरक आहे. तुम्ही नियम केला नाहीत. तुम्ही रांगेत उभे आहात आणि रांग पुढे सरकली. केसाडाच्या हातात रांगेचा दोर होता.

---

डॉ_मेधा

कुणी विचारलं नाही तरी वयाचं सांगते, कारण सच्याच्या दादाचा दुसरा प्रश्न (नियम चांगला असेल तर?) तसाच राहिलाय.

६० या आकड्याला वैद्यकीय आधार तेव्हा फार पातळ होता. वय वाढलं की हृदयविकार वाढतो हे खरं, पण तो वाढदिवसाच्या दिवशी उडी मारून वाढत नाही, चढण असते. १९५९ ला ताणाखाली हृदय कसं चालतं हे प्रत्येकाचं वेगवेगळं तपासायची साधनं तुटपुंजी होती, म्हणून सरसकट रेघ मारली, हे मी समजू शकते. पुढे युरोपात १ टक्क्याचा नियम रुळला, म्हणजे वैमानिक अचानक निकामी व्हायची शक्यता वर्षाला १ टक्क्याच्या आत असेल तर दोन वैमानिकांच्या विमानात चालेल, कारण शेजारी दुसरा बसलेला असतो आणि उड्डाणातली नाजूक मिनिटं थोडीच असतात. हा विचार माणसाकडे बघतो, जन्मतारखेकडे नाही.

जागतिक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २००६ च्या नोव्हेंबरमध्ये ६५ केलं ते याच धर्तीवर. ६० च्या वर सहा महिन्यांनी मेडिकल आणि तेव्हा अट होती की कॅप्टन साठीपलीकडचा असेल तर शेजारचा साठीच्या आतला हवा. ती जोडीची अट २०१४ ला काढली. आणि यातलं हास्यास्पद म्हणजे नोव्हेंबर २००६ ते डिसेंबर २००७ या काळात ६२ वर्षांचा परदेशी कॅप्टन न्यूयॉर्कला विमान उतरवू शकत होता, पण ६० चा अमेरिकन कॅप्टन त्याच धावपट्टीवर नाही. हवा तीच, धावपट्टी तीच, फक्त पासपोर्ट वेगळा. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाने तर देशांतर्गत वयाची मर्यादाच ठेवलेली नाही.

पण म्हणून मर्यादाच नको असं मी म्हणणार नाही. हृदय तपासता येतं, मेंदूचा हळूहळू मंदावलेला वेग पकडणं अजूनही कठीण आहे आणि अनुभवी माणूस तो छान झाकतो. माझे वडील पंच्याहत्तरीला स्कूटर चालवायचे, फक्त पाठ असलेल्या रस्त्यांवर. आम्हाला वाटायचं काय फिट आहेत. एक दिवस रस्ता खणला होता म्हणून वळण घ्यायला लागलं आणि ते स्टेशनवर पोचलेच नाहीत.

---

पोवईची_शर्वरी

वयाचा नियम आणि कंपनीची सोय म्हटलं की मला हवाई सुंदरींचं आठवतं, माझी मावशी होती त्या काळात. वैमानिकाला निदान ५८-६० तरी, बायकांना एअर इंडियात ३५! किंवा चार वर्षांच्या आत लग्न केलं तर घरी, किंवा पहिल्यांदा दिवस राहिले की घरी. वर ३५ ची ४५ पर्यंत वाढ द्यायची की नाही ते मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ ला सुप्रीम कोर्टाने बाळंतपणाची अट आणि ती मर्जी दोन्ही उडवली (लग्नाची मात्र ठेवली, कमाल आहे). मावशी म्हणायची की नियम वाईट होताच, पण ती मर्जी त्याहून वाईट, कारण पस्तिशी जवळ आली की बायका वरच्यांशी बोलताना आवाज बदलून बोलायच्या.

माजी अधिकारी काकांच्या दारातल्या वाक्याचीच ही दुसरी बाजू वाटली, म्हणून लिहिलं.

---

गप्प_बसा_रे

ओके, माझा विनोद मागे. पण भारतात काय आहे ते सांगा की कुणीतरी, सगळे अमेरिकेतच उडताय.

---

एक_माजी_अधिकारी

केंद्राच्या गट अ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी कंपनीत जायचं असेल तर सरकारची परवानगी लागते. पूर्वी हीच मुदत दोन वर्षं होती, ती कमी केली. अर्ज करायचा, त्यात लिहायचं की शेवटच्या काही वर्षांत या कंपनीशी तुमच्या कामाचा संबंध आला होता का. वर्ष उलटलं की विचारणारं कोणी नाही.

मी त्या कॅलेंडरवाल्यांकडे गेलो नाही. पण उगाच मोठेपणा नको, त्यांनी परत विचारलंच नाही.

---

डोंबिवलीचा_सच्या

बापरे, मला वाटलं चार प्रतिसाद येतील. सगळ्यांचे आभार, अनघाताई, मेधाताई विशेष.

दादाला लिंक पाठवली. तो इलेक्ट्रावर अडकलाय, म्हणतो बघ तुझाच माणूस सांगतोय की निर्णय बरोबर होता. मी म्हटलं पुढचं वाक्य वाच. त्याने अंगठा पाठवलाय, म्हणजे वाचलेलं नाही. माझं मत अजून तेच आहे, सेटिंग, फक्त आता मी ते तेवढ्या मोठ्याने म्हणणार नाही, कारण कॅलेंडरवाल्या वाक्याला सेटिंग म्हणायचं तर मग माझ्याही ऑफिसात रोज होतं ते.

मामाला सगळा धागा फोनवर वाचून दाखवला, पाऊण तास लागला. मला वाटलं केसाडावर चिडेल. तो थांबला ते उजव्या सीटच्या प्रतिसादावर, ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला की नव्वदच्या दशकात त्याला कमांड मिळाली ती एक कॅप्टन ६० ला घरी गेले म्हणून. ज्यांनी त्याला वाऱ्यात तिरकं लँडिंग शिकवलं, तेच. त्यांना निरोप द्यायला हा हार घेऊन गेला होता, ते उतरले, ह्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले "अजून दहा वर्षं आरामात उडवली असती रे." मी विचारलं मग तू काय म्हणालास. मामा म्हणाला, "हो सर म्हणालो, आणि मनात मोजत होतो की यादीत आता माझ्यावर किती उरले." एक क्षण गप्प बसला आणि मग म्हणाला, ठेवतो, तुझी मामी गाडी काढतेय.